एकभिंगी कॅमेऱ्याचा संसार

रामाकोना हे गाव आपल्या बहुतेक वाचकांस नकाशावर शोधावे लागेल. नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सौंसर ओलांडले, की पुढे हे स्थानक लागते. एके काळी ह्या मार्गावरची गाडी अरुंद रुळांवरून सातपुड्याच्या कुशीत डुलत डुलत चाले. आता रूळ रुंद झाले आहेत. राज्यकारभाराच्या दृष्टीने हा मुलूख मध्यप्रदेशात मोडतो, आणि २०२३ सालापासून पांढुर्णा ह्या नव्या जिल्ह्यात त्याचा समावेश झाला आहे. तथापि हा भाग पूर्वी नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखालचा. त्यामुळे संत्र्यांच्या बागांतून आणि कपाशीच्या शेतांतून जी भाषा कानी पडते ती आपलीच, वऱ्हाडी वळणाची मराठी.

ह्या गावी एका परिचित कुटुंबात गेल्या पावसाळ्यानंतर आमचे जाणे झाले. घरातील आजोबा शिक्षक होते. त्यांना जाऊन बरीच वर्षे लोटली. त्यांच्या नातवाने माळ्यावरून एक लोखंडी पेटी खाली उतरविली. आत पूर्व जर्मन बनावटीचा एक कॅमेरा, तीन भिंगे, चामड्याचे एक केस आणि मोडक्या पायाची एक तिपाई असा ऐवज होता. नातवाने विचारले, "काका, हे ठेवावे की विकून टाकावे?" आम्ही उत्तर देण्यापूर्वीच दारात बसलेल्या आजी म्हणाल्या, "इकून टाक बाप्पा. ह्याच्या पायी माह्या पाटल्या गेल्या."

आजींचे ते वाक्य आमच्या मनात घर करून राहिले. एकभिंगी परावर्ती कॅमेरा, म्हणजे ज्यास सामान्यतः एस.एल.आर. म्हणतात तो, विकत घेणाऱ्यास काय मिळते आणि त्याच्या मोबदल्यात त्यास काय द्यावे लागते, हा त्या वाक्यामागचा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर ह्या यंत्राच्या इतिहासातच सापडते; म्हणून ती कुळकथा प्रथम सांगितली पाहिजे.

छायाचित्रणाची कला आपल्याकडे फार उशिरा आली असे नाही. १८३९ साली युरोपात तिची जाहीर घोषणा झाली, आणि १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापनही झाली. गोमंतकातील मांद्रे येथे जन्मलेले डॉ. भाऊ दाजी लाड हे प्राचीन शिलालेखांच्या संशोधनामुळे वाचकांस परिचित आहेतच. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळच्या मुंबईतील आघाडीच्या छायाचित्रकारांपैकी होते. त्या दिवसांत काचेच्या पट्टीवर रासायनिक द्रव लेपून ती ओली असतानाच चित्र घ्यावे लागे व लगोलग अंधाऱ्या जागी धुवावे लागे. छायाचित्रकार निघाला की त्याच्याबरोबर काचा, बाटल्या, तंबू असे सारे बिऱ्हाड निघे. कॅमेरा बाळगणे म्हणजे एक संसार चालविणे, हे त्या पहिल्या पिढीलाच उमगले होते.

त्याच सुमारास, १८६१ साली, थॉमस सटन ह्या इंग्रज गृहस्थाने एका नव्या कल्पनेचे पेटंट घेतले. तोपर्यंत छायाचित्रकार भिंगातून येणारी प्रतिमा दुधी काचेवर पाही, मग ती काच काढून तेथे लेपाची पट्टी बसवी. ह्या खटाटोपात समोरचे माणूस हलले की चित्र फसे. सटनने भिंगामागे तिरका आरसा बसविला. प्रतिमा त्या आरशावरून वरच्या दुधी काचेवर पडे. चित्र घेतेवेळी आरसा वर उचलला की तोच प्रकाश सरळ मागे जाई. पाहण्याचे आणि टिपण्याचे भिंग एकच, म्हणून तो 'एकभिंगी'. आणि आरशावरून प्रतिमा परावर्तित होते, म्हणून 'परावर्ती'.

कल्पना सोपी, परंतु ती खिशाला व हाताला पेलेल अशी होण्यास पाऊणशे वर्षे लागली. १९३६ साली ड्रेस्डेन येथील कारखान्यातून किने एक्झाक्टा हा चित्रपटाच्या ३५ मि.मी. फिल्मवर चालणारा कॅमेरा बाहेर पडला. त्यात वरून खाली डोकावून पाहावे लागे आणि डावे ते उजवे दिसे. १९४९ साली त्याच शहरात तयार झालेल्या कॉन्टॅक्स एस ह्या कॅमेऱ्यात डोक्यावर पंचकोनी लोलक आला, आणि कॅमेरा डोळ्याशी धरून जग सुलटे पाहता येऊ लागले. तरीही एक वैगुण्य उरले होते: एकदा वर गेलेला आरसा पुन्हा चावी दिल्यावाचून खाली येत नसे. १९५४ साली जपानच्या असाही कंपनीने आपल्या कॅमेऱ्यात तत्काळ परतणारा आरसा दिला व तो पुढे सर्वत्र रूढ झाला. १९५९ साली निकॉन एफ आला, तेव्हा एका कॅमेऱ्याभोवती भिंगे, लोलक, फिल्म ओढणारी मोटर असा सारा परिवारच उभा राहिला. 'कॅमेरा घेणे' हा व्यवहार 'व्यवस्था घेणे' असा झाला तो येथून.

आता ह्या व्यवस्थेत लाभ कोणता ते देवळाच्याच उदाहरणाने सांगतो. एकभिंगी कॅमेरा सर्वत्र पोचण्यापूर्वी आपल्याकडील छायाचित्रकारांजवळ दोन भिंगांचे कॅमेरे असत. त्यांत वरच्या भिंगातून पाहावयाचे व खालच्या भिंगाने टिपावयाचे. दूरच्या डोंगराचे चित्र घेताना ह्या दोहोंतील अंतर जाणवत नाही. परंतु उत्सवमूर्ती दोन हातांवर असली, तर डोळ्याला मूर्ती मुकुटासह दिसे आणि चित्रात मुकुट कापला जाई. एकभिंगी कॅमेऱ्यात ही फसगत नाही. जे दिसते तेच येते. मुकुट दिसला तर मुकुट येतो, मागील समईची ज्योत अंधुक दिसली तर ती अंधुकच येते.

दुसरा लाभ भिंगे बदलण्याचा. रामाकोन्याच्याच पंचक्रोशीतील दोन स्थळे घ्या. सौंसरजवळ जामसावळी येथे हनुमंताची मूर्ती उभी नाही, पहुडलेली आहे. अशी मूर्ती जवळून संपूर्ण टिपावयाची तर रुंद कोनाचे भिंग हवे. उलट, पांढुर्ण्यास पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. दोन्ही तीरांवरून दगड येत असताना मध्ये जाऊन कोणी चित्र घेऊ नये. तेथे दूरवरचे जवळ आणणारे १३५ मि.मी.चे भिंग लागते. कॅमेरा एकच, आणि ही दोन्ही कामे त्याच्याने होतात. आजोबांच्या पेटीत तीन भिंगे का होती, ह्याचे उत्तर त्यांच्या गावाच्या भूगोलातच होते.

हा झाला जमेचा भाग. खर्चाचा भाग आता पाहू.

पहिली गोष्ट ध्यानात घ्यावयाची ती ही, की ज्या आरशामुळे सत्य दिसते तोच आरसा टिपण्याच्या क्षणी डोळ्यासमोर अंधार करतो. आरसा वर जातो, पडदा उघडतो, मिटतो, आरसा खाली येतो. तेवढा वेळ छायाचित्रकारास काहीच दिसत नाही. म्हणजे जो क्षण चित्रात कायमचा राहतो, नेमका तोच त्याने पाहिलेला नसतो. पालखी देवळाबाहेर निघते, गुलाल उधळला जातो, सारा गाव दर्शन घेतो. आणि कॅमेरेवाला मात्र त्या क्षणाचे दर्शन पुढे कधी तरी, फिल्म धुऊन आल्यावर घेतो.

दुसरी अडचण आवाजाची व हादऱ्याची. आरसा वर आदळतो तो 'खट्' करून. मैदानात हा आवाज कोणाच्या ध्यानीही येत नाही. परंतु आरतीनंतरच्या शांततेत तो सबंध सभामंडपास ऐकू जातो. शिवाय समयांच्या प्रकाशात पडदा पाव किंवा अर्धा सेकंद उघडा ठेवावा लागतो, आणि आरशाच्या धक्क्याने यंत्र हलून चित्र पुसट होते. उपाय तिपाईचा, आणि ज्या कॅमेऱ्यात सोय असेल त्यात आरसा आधीच वर करून ठेवण्याचा. अनेक देवस्थानांत गाभाऱ्यात चित्र घेण्यास मनाई आहे, तिच्यामागे पावित्र्याची भावना आहेच. परंतु ज्याने हा 'खट्' ऐकला आहे त्यास ती मनाई अधिक समजते.

तिसरी गोष्ट जडपणाची. आरसा हलावयास जागा हवी, म्हणून भिंग फिल्मपासून दूर ठेवावे लागते. रुंद कोनाचे भिंग तर स्वभावतः फिल्मच्या निकट असावयास पाहते. ही अडचण सोडविण्यासाठी १९५० साली आंजेन्यू ह्या फ्रेंच भिंगकाराने उलट्या रचनेचे भिंग काढले. अडचण सुटली, पण भिंग मोठे व वजनदार झाले. आरशाचा कर असा प्रत्येक भिंगावर बसत गेला.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, व ती विकत घेताना कोणाच्याच लक्षात येत नाही. भिंग ज्या कड्याने कॅमेऱ्यास जोडले जाते त्या कड्यास 'माउंट' म्हणतात. हे माउंट म्हणजे ह्या संसारातील गोत्र होय. सोयरीक जुळावयाची की नाही ते त्यावर ठरते. आजोबांच्या भिंगांना ४२ मि.मी. व्यासाचे आटे होते, आणि ते कड्यापासून फिल्मपर्यंत ४५.४६ मि.मी. अंतर अपेक्षितात. निकॉनचे हे अंतर ४६.५ मि.मी. आहे. फरक जेमतेम एका मिलिमीटरचा. परंतु तेवढ्यासाठी ही भिंगे निकॉनवर बसविली तर जवळचे स्पष्ट येते आणि दूरचा डोंगर मात्र कधीच स्पष्ट होत नाही. कॅनन कंपनीने १९७१ साली काढलेले आपले एफडी माउंट १९८७ साली बाजूस ठेवून ईएफ हे नवे आणले. तंत्राच्या दृष्टीने त्या निर्णयास कारण होते, कारण भिंगातच मोटर बसवून आपोआप फोकस साधावयाचा होता. परंतु ज्यांनी पंधरा वर्षांत एकेक करून भिंगे जमविली होती त्यांच्या हाती जुनी नाणी राहिली. निकॉनने १९५९ चे माउंट पुढे चालविले खरे, पण १९७७ साली त्यातही फेरफार झाले, आणि त्यापूर्वीचे मूळ रूपातील भिंग पुढच्या काही कॅमेऱ्यांवर बसविणे धोक्याचे ठरले. तात्पर्य, कॅमेरा घेणारा एक वस्तू घेत नाही. तो एका घराण्याशी नाते जोडतो, आणि त्या घराण्याचे निर्णय त्याला न विचारता होतात.

पाचवी गोष्ट देखभालीची. कोकणातील व गोमंतकातील आमच्या वाचकांस हे सांगणे नको, की चामड्याच्या केसात बंद ठेवलेल्या भिंगात पावसाळ्यात बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे तिचे तंतू काचेवर पसरतात आणि काचेवरचा लेप खातात. रामाकोन्याची हवा तितकी दमट नाही, तरी आजोबांच्या तीन भिंगांपैकी एकात ते जाळे दिसलेच. भिंगास कोरडी हवा व थोडा उजेड लागतो. बंद चामडे हा त्याचा शत्रू होय. त्या पिढीच्या अनेक कॅमेऱ्यांतील प्रकाशमापकास १.३५ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी लागे. पारा विषारी म्हणून त्या बॅटऱ्या पुढे बाजारातून गेल्या. आज मिळणारी १.५ व्होल्टची बॅटरी घातली तर कित्येक मापके चुकीचा आकडा दाखवितात. यंत्र धड आहे, पण त्याचे अन्न नाहीसे झाले, असा हा प्रकार आहे.

आणि शेवटची गोष्ट घरातील माणसांची. १९५७ सालच्या परकीय चलनाच्या टंचाईनंतर आपल्या देशात आयातीवर कडक निर्बंध आले. जपानी कॅमेरा सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेला. ज्यांच्याशी रुपयांत व्यापार चाले त्या सोव्हिएत रशियाचे व पूर्व जर्मनीचे कॅमेरे तेवढे हौशी माणसांच्या हाती दिसू लागले. फिल्मसुद्धा बाहेरून येई. उटकमंड येथे १९६० साली सरकारी हिंदुस्थान फोटो फिल्म्स कंपनी निघाली आणि १९६७ साली तिचे उत्पादन सुरू झाले, तेव्हा 'इंदू' ह्या नावाची देशी फिल्म मिळू लागली. तो कारखाना आता बंद पडला आहे. शिक्षकाच्या पगारात कॅमेरा, दर वर्षी फिल्म, ती धुणे, कागदावर उतरविणे, हे सारे बसविताना पाटल्या गेल्या असतील ह्यात नवल नाही.

येथे आम्हांस दादासाहेब फाळक्यांची आठवण होते. त्यांचा कॅमेरा चित्रपटाचा होता, एकभिंगी परावर्ती नव्हे. परंतु कॅमेऱ्यासाठी घर पणास लावल्याचे त्याहून स्पष्ट उदाहरण मराठी माणसाच्या इतिहासात नाही. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते १९१२ साली लंडनला गेले व विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. पैसे देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेका चित्राने टिपून दाखविली. पुढे कोऱ्या फिल्मला कडेने भोके पाडण्याचे काम रात्री अंधारात बसून सरस्वतीबाई करीत. कॅमेऱ्याचा इतिहास लिहिणारे यंत्राच्या मालकाचे नाव लिहितात. ज्या हातांनी त्याचा संसार चालविला त्या हातांची नोंद क्वचितच होते. रामाकोन्याच्या आजींनाही हीच नोंद हवी होती, असे आम्हांस आता वाटते.

मग हा सारा खर्च कशासाठी करावयाचा? ह्याचेही एक उत्तर इतिहासाने दिले आहे. पुद्दुचेरी येथील फ्रेंच संस्थेने १९५६ सालापासून दक्षिणेतील देवळांची व मूर्तींची छायाचित्रे पद्धतशीरपणे जमविली. ती आज दीड लाखांवर आहेत. तमिळनाडूतील श्रीपुरंतान ह्या गावच्या देवळातील नटराजाची कांस्यमूर्ती चोरीस जाऊन ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात पोचली होती. ती त्याच देवळातील होय हे सिद्ध करण्यास त्या संग्रहातील जुने छायाचित्र उपयोगी पडले, आणि २०१४ साली नटराज भारतात परत आला. ज्या कोणी ते चित्र घेतले त्याने ते चोरीचा विचार मनात आणून घेतले नसेल; त्याने फक्त नीट घेतले, नाव-गाव लिहिले आणि नीट ठेविले.

छायाचित्र सर्व संकटांवर उतारा आहे असे मात्र कोणी समजू नये. दिवेआगर येथे १९९७ साली सापडलेल्या सुवर्णगणेशाची छायाचित्रे घरोघरी होती. तरी २०१२ साली दरोडा पडला, रखवालदारांचे प्राण गेले, आणि सोने वितळविले गेले. चित्राने चोरी थांबत नाही, आणि वितळलेले सोने चित्रावरून परत येत नाही. चित्र साक्ष देते, एवढेच. परंतु साक्षीदार असणे व नसणे ह्यांतील अंतर ज्यास ठाऊक आहे तो ह्या 'एवढ्या'ला कमी लेखणार नाही.

आता कालचक्र पुन्हा फिरले आहे. २०१८ साली निकॉन व कॅनन ह्या दोन्ही घराण्यांनी आरसाच काढून टाकलेल्या कॅमेऱ्यांच्या नव्या मालिका आणल्या. आरसा गेल्यामुळे कड्यापासूनचे अंतर निकॉनमध्ये १६ मि.मी.वर व कॅननमध्ये २० मि.मी.वर आले. ह्याचा एक अनपेक्षित परिणाम झाला: मध्ये रिकामी जागा उरल्यामुळे तेथे एक साधे जोडकडे घालून जवळजवळ कोणत्याही जुन्या घराण्याचे भिंग नव्या कॅमेऱ्यावर बसविता येते. एका मिलिमीटरसाठी मोडलेली सोयरीक साठेक वर्षांनी जुळली. आरशाच्या युगाचा अस्त होताना त्याची भिंगे मात्र मुक्त झाली.

नातवाला आम्ही हेच सांगितले. कॅमेऱ्याचे अंग आज फारशी किंमत आणणार नाही, आणि दुरुस्तीचा खर्च त्याहून अधिक होईल. बुरशी न धरलेली दोन भिंगे ठेवावीत; जोडकड्याने ती आणखी एक पिढी चालतील. तो मान डोलावीत पेटी रिकामी करू लागला, तेव्हा तळाशी औषधाच्या दुकानातील पिशव्यांत गुंडाळलेला एक गठ्ठा निघाला. त्यात निगेटिव्हच्या पट्ट्या होत्या. खिडकीसमोर धरताच पालखी, दहीहंडी, रामनवमीचा पाळणा, आज पडून गेलेला जुना सभामंडप, असे सारे काळ्याचे पांढरे होऊन दिसू लागले. प्रत्येक पट्टीसोबत एका चिठ्ठीवर पेन्सिलीने वर्ष व प्रसंग लिहिलेला होता. नातू कॅमेऱ्याची किंमत विचारीत होता. गठ्ठ्याची किंमत त्या घरात कोणी विचारली नव्हती.

आजींनी चष्मा लावून एकेक पट्टी पाहिली. माणसे ओळखली, नावे सांगितली. नातू ती वहीत लिहून घेऊ लागला. अखेरीस त्या म्हणाल्या, "समदे हायत. एक थेच नाहीत." खरेच होते. इतक्या वर्षांच्या उत्सवांत छायाचित्रकार एकाही चित्रात नव्हता.

आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी अशी एखादी पेटी असेल, आणि अनेक देवस्थानांच्या कपाटात असे गठ्ठे असतील. नव्याने कॅमेऱ्याची व्यवस्था घेणाऱ्यास आमचे सांगणे एवढेच, की घेताना अंगापेक्षा माउंटचा, भिंगांच्या संख्येपेक्षा एका चांगल्या भिंगाचा, आणि ह्या दोहोंहूनही चित्रे कोण सांभाळील ह्याचा विचार अगोदर करावा. जुनी पेटी असलेल्यांनी ती विकण्यापूर्वी तळापर्यंत उपसावी. निगेटिव्ह कोरड्या जागी कागदी पाकिटांत ठेवाव्यात, त्यांच्या प्रती काढून एक प्रत देवस्थानाकडे द्यावी, आणि ज्यांना चेहरे ओळखता येतात अशी वडील माणसे आहेत तोवर नावे लिहून घ्यावीत. यंत्रे पुन्हा विकत मिळतात. ओळखणारे डोळे मात्र कोणत्याही बाजारात मिळत नाहीत.

आम्ही निघालो तेव्हा नातवाने आपल्या मोबाइलवर आजींचे एक छायाचित्र घेतले. मांडीवर तो गठ्ठा होता. चित्राखाली कोणते नाव लिहावे, असे त्याने विचारले. आम्ही म्हटले, आजींचे लिहा; आणि त्यापुढे, पाटल्या ह्यांच्या, एवढे अवश्य लिहा.